मन्या कोणत्या घरचा

अण्णा, तुम्ही गेलात त्या दिवशी बैलांना वैरण कोणी टाकली, हे अजून कळलेलं नाही. मी घरातल्या सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने टाकली. पण गव्हाणीत कडबा होता, पाणी दाखवलेलं होतं, शेण काढून गोठा झाडलेला होता. घरातलं माणूस गेलं तरी गोठ्यातलं काम अडायचं नाही, ही तुमचीच शिस्त. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ठीक केलं," आणि कोणी केलं ते तुम्हीही विचारलं नसतं.

मी सासरहून, ओझरहून पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं. येणारा प्रत्येक माणूस आधी गोठ्याकडे वळत होता. मंचरचे तुमचे आडतवाले, वरच्या आळीची माणसं, निरगुडसरचे विठ्ठलराव, सगळे आधी मन्यापुढे जाऊन उभे राहिले. त्याच्या वशिंडावर हात फिरवला, उपरण्याने डोळे पुसले आणि मग ओसरीवर आईकडे आले. आई हे सगळं बसल्या जागेवरून बघत होती. संध्याकाळी माणसं पांगल्यावर मला म्हणाली, "समदा जल्म संसार मी केला, आन भेटायला पयला मान बैलाचा." ती हसली, आणि हसता हसता रडली. मी तोवर रडले नव्हते. त्या वाक्याला रडले.

तुमच्याबद्दल लोक जे सांगतात ते मी सांगत बसणार नाही. बैलगाड्याच्या शर्यतीत कुठला घाट मारला, कुठल्या आखाड्यात कोणाला चीत केलं, ते माईकवाल्यांना पाठ आहे. मला आठवतात तुमचे कान. कुस्तीने मोडून गाठोडी झालेले. लहानपणी तुमच्या मांडीवर बसून मी ते चाचपायचे, आणि माझी खात्री होती की बापमाणसाचे कान असेच असतात. शाळेत गेल्यावर इतर मुलींचे वडील बघितले. त्यांचे कान सपाट होते. मला त्या मुलींची दया आली होती.

कुस्त्यांच्या गोष्टी तुम्ही सांगायचात, पण फक्त हरलेल्या. जुन्नरकडच्या एका पोरसवदा पैलवानाने तुम्हाला पट काढून कसं उताणं केलं, हे तुम्ही ओसरीवर उठून, हातवारे करून दाखवायचात. आई कपाळाला हात लावायची. "जिंकल्याली बी सांगा की एखादी," ती म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "जिंकल्याल्या लोकं सांगत्यात. हरल्याल्या आपनच सांगायच्या, न्हाई तर इसरून जात्यात." मी त्यावर खूप वाद घातले आहेत. मला तो नम्रपणाचा आव वाटायचा. आता वाटतं, तो आव नव्हता, तुम्हाला त्या कुस्त्या खरंच जास्त आवडायच्या.

आणि तो डावा खांदा. तरुणपणी तुम्ही घाटात गाड्यापुढे घोडी पळवायचात. ज्यांनी आपला घाट बघितलेला नाही त्यांना हे सांगावं लागतं. चार बैलांचा हलका गाडा, वर माणूस नाही, समोर चढाचा लांब रस्ता, तोच घाट. बैल आपल्या मनाने पळतात ते पुढच्या घोडीच्या मागे. घोडीवाला चुकला तर मागे चार बैल आणि गाडा, सगळं त्याच्या अंगावर. तुम्ही एकदा वरच्या टोकाला पडलात. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून मंचरचा शिंपी तुमचा सदरा एका खांद्याला आखूड शिवायचा. परवा आई तुमचे कपडे वाटत होती. तुमचा सदरा ज्याने ज्याने घातला, त्याला तो एका बाजूने ओढत होता. शेवटी आईने सगळे सदरे परत पेटीत ठेवले.

पोहायला तुम्ही मला विहिरीत शिकवलंत. कमरेला दोर, वर तुम्ही. मी हातपाय मारत होते आणि दोर आहे या भरवशावर ओरडत होते. नंतर बघते तर दोर पाण्यावर सैल पडलेला. मी वर येऊन तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. तुम्ही म्हणालात, "पोरी, मी सोडलं म्हनून तू पवलीस. धरून बसलो असतो तर अजून पान्यातच असतीस." पण सांगून सोडायला काय हरकत होती, हा माझा मुद्दा अजून कायम आहे.

आपले वाद पुष्कळ होते. त्यातला एकच खरा होता, आणि तो मिटायच्या आत तुम्ही गेलात. तो मन्याचा.

माझ्या लग्नात तुम्ही मला गाय आंदण दिलीत. तांबडी, कपाळावर चांदवा असलेली. टेम्पोतून उतरवताना तुम्ही माझ्या सासऱ्यांना म्हणालात, "गाय लेकीची हाय. दूध तुमचं, पर गाय लेकीची." सासरे हसले. तीच गाय पुढे ओझरच्या आमच्या गोठ्यात व्यायली आणि पांढरं शुभ्र खोंड झालं. तुम्ही बघायला आलात. चहा प्यायच्या आधी वासराच्या मागे जाऊन उकिडवे बसलात. त्याचे पाय बघितलेत, शेपटीचा झुपका हातात घेतलात, त्याला अंगणात दोनदा हुसकलंत. मग म्हणालात, "ह्याला मी नेतो."

मी म्हणाले, "का म्हणून? माझ्या गाईचं आहे."

"घरचंच हाय," तुम्ही म्हणालात.

"कोणत्या घरचं?"

तुम्ही उठलात. "गाईला पानी दाखवायचंय," म्हणालात आणि बादली घेऊन निघून गेलात. घर माझं, गाय माझी, बादली माझी, आणि पाणी दाखवायला तुम्ही.

दूध सुटल्यावर तुम्ही त्याला घेऊन गेलात. मन्या हे नाव मी ठेवलं होतं. तुम्हाला ते पसंत नव्हतं. घाटात पुकारायला राजा, बादल असं काहीतरी भारदस्त पाहिजे, असं तुमचं मत. तरी तुम्ही नाव बदललं नाहीत. त्याला तयार केलंत. ओढ्याच्या वाळूत चालवलंत, उन्हाळ्यात विहिरीत पोहायला लावलंत, उडदाचं पीठ आणि अंडी घातलीत. आई म्हणायची, एवढी अंडी लेकरांना घातली असती तर घरात आणखी दोन पैलवान झाले असते. आणि तो भरात आला तेव्हा शर्यतींवर बंदी होती. त्याची बळाची वर्षं बंदीत गेली. तुम्ही रोज सकाळी त्याला बांधावरून फिरवायचात आणि रिकाम्या घाटाकडे बघत उभे राहायचात. मी शिकवते त्या शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांसारखीच मी तेव्हा म्हणायचे, बैलांना पळवून काय मिळतं माणसाला. तुम्ही विचारायचात, "त्याला सोडून बघ, उबा ऱ्हातोय का." मी कधी सोडून बघितलं नाही.

बंदी उठली तोवर मन्याचं वय झालं होतं. तरी तो पळाला, आणि चांगला पळाला. पुढच्या जोडीला, म्हणजे जुकाटाला, डाव्या अंगाला तुम्ही त्याला धरायचात. मागची जोडी विठ्ठलरावांची. तुमचे दोन, त्यांचे दोन, असा पैरा. निशाण पडायच्या आधी तुम्ही मन्याच्या कानाशी तोंड न्यायचात, आणि मग कासरा सोडायचात. त्या कानाशी लागण्याबद्दल तालुकाभर बोलणं होतं. कोणी म्हणे मंत्र आहे, कोणी म्हणे भैरोबाचं नाव. माईकवाला तर म्हणायचा, "अण्णांनी कानात सांगितलं, आता थांबत नाही!" आम्ही बायका घाटाच्या कडेला आंब्याखाली बसायचो. जुंपणीच्या जागी बाईमाणसाने यायचं नाही, ही तुमच्या पिढीची रीत. मी तिथून ओरडायचे, "माझा बैल आहे!" शेजारच्या बायका हसायच्या. तुम्हाला ऐकू जायचं नाही, की जायचं, देव जाणे.

दर वेळी घरी आल्यावर मी विचारायचे, "बैल कोणाचा?" तुम्ही म्हणायचात, "घरचाच हाय." मी विचारायचे, "कोणत्या घरचा?" आणि तुम्हाला पाणी दाखवायची आठवण व्हायची. लग्नानंतर मी माहेरी आले की तुम्ही "पावणीला चा टाका" म्हणून चिडवायचात. मला ते लागायचं. गंमत होती हे कळायचं, तरी लागायचं. बैल माझा म्हटलात तर मी या घरची ठरते की त्या घरची, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. बैल नुसतं निमित्त होता. एवढं कधी स्पष्ट बोलले नाही, आता बोलते आहे.

यंदाची आपल्या गावची यात्रा ही मन्याची शेवटची बारी, असं तुम्ही माघातच ठरवून टाकलं होतं. एकदा पळवायचा, हार घालायचा, आणि मग मरेपर्यंत गोठ्यात. आपल्याकडे घाटातला बैल बाजार बघत नाही. पुढच्या वर्षी त्याच्याने होणार नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं. आणि यात्रा तोंडावर असताना तुमच्याच छातीत कळ आली.

मंचरला दवाखान्यात नेताना तुम्ही गाडीत बसता बसता आईला म्हणालात, "जातो." आई तशातही ओरडली, "येतो म्हना!" तुम्ही म्हणालात, "येतो म्हनायला काय बाजारला चाललोय?" माझ्या धाकट्या भावाने, संतोषने गाडी सुरू केली. आईच्या मनात तो शब्द अजून अडकून बसलाय. मी तिला सांगते, डॉक्टर म्हणाले तेच झालं, शब्दाने काही होत नाही. ती मान हलवते आणि पटवून घेत नाही.

सावडायच्या दिवशी पारावर विषय निघाला. संतोषने काढला नाही. विठ्ठलरावांनी काढला. मन्याची बारी राहिली, म्हणाले, अण्णाच्या जिवाला लागून राहील. यात्रा तुमच्या दहाव्याच्या आत येत होती. आपल्या घराला सुतक, भावकीला सुतक. गाड्याला हात लावणारी सगळी माणसं भावकीतली. मग वाद सुरू झाला की बैलाला सुतक असतं का. अण्णा, तुम्ही असायला हवे होतात. इतक्या गंभीर चेहऱ्याने इतकी माणसं त्या प्रश्नावर बोलत होती. एकाने सांगितलं, मुक्या जिवाला सुतक नाही. दुसऱ्याने विचारलं, मग म्हशीचं दूध देवाला का चालत नाही या दिवसांत? यात्रा कमिटीचे बबनतात्या शेवटी म्हणाले, "दावन सुतकाची, बैल सुतकाचा. देवाच्या घाटात न्हाई चालायचा. मला बी वाईट वाटतंय, पर न्हाई."

तेव्हा आई दारातून बोलली. पारापर्यंत ऐकू जाईल एवढ्याने. "लेकीला तीनच दिस आसतंय. आज तिचं फिटलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला क्षणभर कळलंच नाही. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक तीन दिवसांचं. ती दुसऱ्या घरची म्हणून. हा नियम मला ठाऊक होता आणि सकाळी अंघोळ करताना त्याचा मला संतापही आला होता. मुलाला दहा दिवस बाप, मुलीला तीन. आणि आई त्याच नियमाला धरून उभी होती.

संतोष उठला. म्हणाला, "बैल ताईचा हाय. आंदनाच्या गाईचं वासरू. आमच्याकडं नुसता बांधला व्हता."

अण्णा, तुमच्यामागे मन्याला त्यानेच सांभाळलं असतं. तो बैल सोडून देत होता, तोही सगळ्यांसमोर.

बबनतात्या काही वाईट माणूस नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "अण्णा कदी म्हनला का तसं? कुनाला तरी? आज सोय म्हनून बोलायचं आन उंद्या देवापुढं खोटं पडायचं, आसं नको."

तुम्ही मला असं कधीच म्हणाला नव्हतात. मी एवढी वर्षं विचारत होते, आणि ज्या वेळी उत्तर लागलं त्या वेळी माझ्याकडे फक्त तुमची पाण्याची बादली होती.

पाराच्या कडेला रज्जाकचाचा बसले होते. जुन्नरहून भेटायला आले होते, बैलांच्या खुरांना पत्री, म्हणजे नाल, मारायची पिशवी सवयीने बरोबरच. ते उठले, टोपी नीट केली. म्हणाले, "मला म्हनला व्हता. दर टायमाला. बैल पाडला की माज्या हाताकडं बघत उबा ऱ्हायचा. 'रज्जाक, जपून मार. लेकीचा बैल हाय, खिळा चुकला तर तिला त्वांड काय दावू.' माजं डोकं खायचा त्यो. मी म्हनायचो, राव, समद्यांचे बैल आसेच मारतो मी."

मग बबनतात्या म्हणाले, "मग मिटलं. ओझरचा बैल म्हनून येऊ दे."

नंतर मी चाचांना गाठलं. विचारलं, "चाचा, खरं सांगा. की माझ्यासाठी बोललात?" ते रागावले. "बेटी, बैलाच्या खुरापाशी बसून पोट भरतो मी. खोटं बोललो तर लाथ कदी बसंल सांगता येत न्हाई." मी विचारलं, मग मला कधी का नाही म्हणाले. चाचा म्हणाले, "तुला म्हनला असता तर तू बैल घेऊन गेली असतीस की."

यावर मला हसू आलं आणि तुमचा फार राग आला. जुन्नरच्या माणसाला सांगितलंत, मला नाही. बैल जाईल म्हणून. आणि बैल गेला असता तर मीही भांडायला आले नसते, हेही तुमच्या लक्षात आलं असणार. तुम्ही तेवढे लबाड होतात.

जाता जाता मी त्यांना कानातलं विचारलं. तुम्ही काय सांगायचात? चाचा म्हणाले, "काय न्हाई. फुकर मारायचा. कानात गोमाशी शिरती, बैल बिथरतो. लोकं म्हनली मंत्र, म्हनून ह्यो बी गप बसला." एवढा मोठा मंत्र, अण्णा, आणि आत माशी. तुम्ही हसत असाल.

मग मी ओझरला गेले. रीत म्हणजे रीत. डोक्यावरून अंघोळ केली, विघ्नहराला जाऊन आले. मन्याला विठ्ठलराव निरगुडसरला घेऊन गेले, म्हणजे सुतकाच्या दावणीचा प्रश्न नको. यात्रेच्या दिवशी सकाळी घरावरून गेले तर आई उंबऱ्यातून म्हणाली, "आत येऊ नगं. पानी बी पिऊ नगं हितलं. हात लागला की पुन्यांदा फिटवत बसावं लागंल." मी माझ्या माहेरच्या अंगणाबाहेर उभी राहिले, पाहुणीसारखी. आईने लांबूनच सांगितलं, "पदर खोच नीट. आन बैलाच्या म्होरं उबी ऱ्हाऊ नगंस, बाजूला ऱ्हा." तिला हे कुठून माहीत? ती कधी घाटाला आलेली मी बघितली नाही. एवढी वर्षं तुमचं ऐकत ऐकत ती सगळं शिकली होती, आणि तुम्हाला बहुतेक हेही ठाऊक नव्हतं.

जुंपणीच्या जागी मी गेले तेव्हा थोडी कुजबुज झाली. आता पोरीही घोडीवर बसतात, त्यामुळे फार काही झालं नाही. विठ्ठलरावांची माणसं मागच्या जोडीला होती, आणि मन्याच्या जोडीलाही या वेळी त्यांचाच बैल. माझ्या हातात मन्याचा कासरा. मला वाटलं होतं, तो मला ओळखणार नाही. त्याने माझा पदर हुंगला आणि मान खाली घातली. वर बांधावर संतोष उभा होता. हात मागे बांधलेले, कोणाला स्पर्श नको म्हणून लांब. तो बघत होता आणि त्याला जवळ यायची सोय नव्हती.

घोडी पुढे गेली. निशाणवाल्याने हात वर केला. इतर तिन्ही बैल नाचत होते, मन्या मात्र स्थिर होता, आणि त्याचा डावा कान माझ्याकडे वळलेला. तो वाट बघत होता. माशी एकही नव्हती अण्णा, मी नीट बघितलं. तरी मी तोंड जवळ नेलं आणि फुंकर मारली. त्याने अंग ताठ केलं. मी म्हणाले, "जाऊन ये." तुम्ही जे आईला म्हणाला नाहीत ते.

आणि सोडलं.

हातातून कासरा जाताना तळवा भाजला. पुढचं मला दिसलं नाही, धूळ आणि भंडारा. माईकवाला ओरडत होता, "झाली, झाली, झाली!" माझ्या शेजारचा कोणीतरी मला सांगत होता, ताई, गेला, सरळ गेला. मी तिथेच उभी होते. तुम्ही म्हणायचात, सोडून बघ, उभा राहतो का. नाही राहिला. तो पळाला ते कोणाच्या धाकाने नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पळायला लागतो तेव्हाचं त्याचं अंग मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. तो वाद तुम्ही जिंकलात. हे लिहून देते.

पहिल्यात तो आला नाही. वय दिसत होतं. मी चढून वरच्या टोकाला पोचले तेव्हा तो फेसाळला होता, पण पाय सरळ होते. विठ्ठलरावांच्या लोकांनी त्याला भंडाऱ्याने पिवळा केला. बबनतात्यांनी स्वतः हार घातला आणि त्यांचेच डोळे भरले. मग माईकवाला माझ्याकडे आला. त्याला घाई होती, पुढची बारी लागायची होती. म्हणाला, "मंडळी, अण्णांचा मन्या आज घाटातून मोकळा झाला! ताई, दोन शब्द बोला. बैल आता ओझरला जानार का?"

मी बांधाकडे बघितलं. संतोष तिथेच होता. हात अजून मागे. त्याने पारावर बैल मला देऊन टाकला होता आणि तो शब्द मागे घेणार नव्हता, मी ओळखते त्याला. घरी रिकामी खुंटी होती, आणि त्या खुंटीसमोरच्या ओसरीवर आई. एवढी वर्षं मला पाहिजे होतं ते सगळ्या घाटासमोर माझ्या नावावर झालेलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

माईकमध्ये मी म्हणाले, "घरचाच आहे."

माईकवाला हसला. त्याला काय माहीत. त्याने विचारलं, "आवो ताई, पर कोनत्या घरचा?"

संतोषने मान वर केली. मी माईक त्या माणसाच्या हातात परत दिला, विठ्ठलरावांच्या पोरांकडून बादली घेतली आणि मन्याला पाणी दाखवायला गेले.